पहिलं वॉर्ड पोस्टिंग: आदल्या रात्रीपासून ओव्हर देईपर्यंत

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असो की बी.एस्सी. नर्सिंग, पहिल्या पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ ड्युटीला, मुली चुकतात त्या बहुतेक वेळा कामाच्या क्रमात. (मुलगेही आलेच, पुढे सगळ्यांना मिळून ‘तुम्ही’ म्हणते.) बेडमेकिंग, इंजेक्शन, बीपी हे सगळं लॅबमध्ये पुतळ्यावर घोटून झालेलं असतं. पण वॉर्डात आधी काय, नंतर काय, कुठे हात आवरायचा आणि केलेलं कधी लिहायचं हे कुणी बसवून शिकवत नाही. ते बघून-बघून येतं असं म्हणतात, आणि मग चुकीचंही बघून-बघूनच येतं.

खालचे टप्पे केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे अशा मुंबईतल्या मोठ्या पालिका आणि सरकारी रुग्णालयांचे भरलेले वॉर्ड डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. खासगी रुग्णालयात कागदाच्या जागी स्क्रीन असेल, क्रम तोच राहतो.

१. पोस्टिंग लागायच्या आधी

हिपॅटायटिस बीची लस आधी बघा. तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, त्यामुळे पोस्टिंगच्या आठवड्यात धावपळ करून काही हाती लागत नाही. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी टायटर (संरक्षण किती तयार झालं ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. तो १० किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण तयार झालं असं धरतात. लस घेतल्याचा कागद आणि टायटरचा रिपोर्ट यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सुई टोचली तर कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) पहिला प्रश्न याबद्दलच येतो.

हजेरीचं गणित पहिल्याच दिवशी समजून घ्या. थिअरीला ८० टक्के चालतात, पण प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पूर्ण झाल्याशिवाय हातात पदवी किंवा डिप्लोमा पडत नाही. आजारपणाची सुट्टीसुद्धा पुढे भरून द्यावी लागते. ताप अंगावर काढून वॉर्डात येऊ नका, सुट्टी घ्या. फक्त ती कधी भरायची हे टीचरशी तेव्हाच ठरवून टाका. शेवटच्या वर्षी मागची सुट्टी भरत बसण्याची वेळ अनेकींवर येते.

तपासा: नखं कापलेली, अंगठी आणि बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले. घड्याळ मनगटावर नको, युनिफॉर्मला अडकवायचं घ्या. त्याला सेकंदकाटा हवाच, तो का ते पाचव्या टप्प्यात कळेल.

२. आदली रात्र आणि लोकल

युनिफॉर्म घालून लोकलमध्ये चढू नका. जाताना गर्दीतली घाण वॉर्डात जाते, येताना वॉर्डातले जंतू डब्यातल्या बाईच्या मांडीवरच्या बाळापर्यंत. युनिफॉर्म वेगळ्या पिशवीत न्यायचा, चेंजिंग रूममध्ये बदलायचा आणि घरी आल्यावर वेगळा धुवायचा.

ड्युटी सातची असेल तर पावणेसातला वॉर्डात पोचायचं. ओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीला पेशंट सोपवणं, सुरू झाल्यावर आत शिरणाऱ्या मुलीला अर्धेच पेशंट कळतात, आणि उरलेला दिवस ती ‘यांना काय झालंय?’ विचारत फिरते. रविवारची ड्युटी असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक कुठल्या लाइनला आहे ते बघा. पावसाळ्यात परळकडे जाणाऱ्यांनी हिंदमाता आणि सायनकडे जाणाऱ्यांनी गांधी मार्केटचं पाणी हिशेबात धरा. मोज्यांचा जादा जोड आणि वॉर्डातले बूट पिशवीत वेगळे ठेवा. ओल्या बुटांत आठ तास उभं राहून बघा, म्हणजे हे का सांगते ते कळेल.

खिशात दोन पेनं, छोटी डायरी, टॉर्च आणि कात्री. मोबाइल बॅगेत, सायलेंटवर. वॉर्डात फोटो नाही, रील नाही. पेशंट ‘काढ गं’ म्हणाला तरी नाही.

आणि खाऊन निघा. पहिलं ड्रेसिंग बघताना चक्कर येणाऱ्या बहुतेक मुली उपाशी आलेल्या असतात. डोळ्यांसमोर अंधारी आली तर स्टेराइल ट्रेपासून मागे सरका आणि सरळ जमिनीवर बसा. बाहेर पळायला जाऊ नका, दारात पडलात तर डोकं फुटेल.

३. पहिला तास: आधी वॉर्ड बघा

ओव्हरच्या राऊंडला रात्रपाळीच्या सिस्टरमागे फिरा आणि डायरीत प्रत्येक पेशंटचं एक वाक्य लिहा: नाव, वय, आजार, आज काय होणार आहे. ऐकताना कळलं नाही ते खुणेने ठेवा, मध्येच विचारू नका. ओव्हर संपली की विचारा.

मग इन्चार्ज सिस्टरना नाव, वर्ष आणि आजचं तुमचं उद्दिष्ट सांगा. ‘मॅडम, आज मला इनटेक-आउटपुट आणि कॅथेटर केअर करायची आहे’ (पेशंटच्या पोटात किती गेलं, बाहेर किती आलं याची नोंद, आणि लघवीच्या नळीची निगा) असं म्हणणाऱ्या मुलीला काम मिळतं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलीला रिपोर्ट आणायला पाठवतात. लॅबच्या फेऱ्या पूर्ण टाळता येणार नाहीत आणि टाळूही नयेत, पण रोज तेच होत असेल तर वाद न घालता टीचरना सांगा. ते त्यांचं काम आहे.

यानंतर दहा मिनिटं काढून या वस्तू स्वतः हात लावून शोधा: इमर्जन्सी ट्रॉली, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), सक्शन (घशातला कफ ओढायचं यंत्र), ऑक्सिजनचा पॉइंट आणि सिलेंडरची चावी, हात धुण्याचं बेसिन, कचऱ्याचे रंगीत डबे, बेडपॅनची जागा. सापडलं नाही तर मावशींना (वॉर्डातल्या मदतनीस बायकांना) विचारा. वॉर्डातली कुठलीही वस्तू कुठे असते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्यांच्याशी नीट बोला, पोस्टिंग सोपं जाईल.

थांबा: कुणी घाईत ‘जरा धर गं’ म्हणून हातात भरलेली सिरिंज दिली, तर धरा, पण पेशंटला देऊ नका. तुम्ही स्वतः न भरलेलं औषध तुम्ही द्यायचं नाही. हे कुणी कितीही वरचं सांगितलं तरी लागू आहे.

४. पेशंट घेणं: आधी केस पेपर, मग माणूस

तुम्हाला दोन किंवा तीन पेशंट दिले जातील. लगेच बीपीचं मशीन घेऊन धावू नका. केस पेपर उघडा आणि चार गोष्टी शोधा: कशासाठी भरती झाले, कशाची अ‍ॅलर्जी आहे, डॉक्टरांची शेवटची ऑर्डर काय आहे, काल रात्रीचे आकडे काय होते. कालचे आकडे माहीत नसतील तर आजचे आकडे चांगले की वाईट हे ठरवता येत नाही.

मग खाटेजवळ जा. हात धुवा. पुढचं वाक्य पाठ करा: ‘तुमचं पूर्ण नाव सांगता का?’ बहुतेक मुली विचारतात, ‘तुम्ही शिंदेच ना?’ कमी ऐकू येणारे आजोबा, तापात असलेला माणूस, मराठी न समजणारा बिहारमधला कामगार, सगळे ‘हो’ म्हणतात. नाव त्यांच्या तोंडून ऐका आणि इंडोअर नंबर (भरतीचा नोंदणी क्रमांक) केस पेपरशी जुळवा.

खाटेच्या नंबरावर तर कधीच विसंबू नका. जुलै-ऑगस्टात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या पेशंटनी मेडिसिनचा वॉर्ड भरला की खाली गाद्या टाकाव्या लागतात. रात्रीत माणसं खाटेवरून गादीवर आणि गादीवरून खाटेवर हलतात. संध्याकाळचे ‘बारा नंबर’ सकाळी भलतेच कुणी असू शकतात.

बोलताना काका, आजी, ताई, दादा असं म्हणा, एकेरीवर येऊ नका. शौचाबद्दल विचारताना पुस्तकी भाषा नको. ‘संडासला झाली का?’ हा प्रश्न कोकणातल्या आजींनाही कळतो आणि गोवंडीतल्या चाचींनाही.

तपासा: जुलाबाच्या पेशंटनंतर हातांना नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणी लागतं. साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. आणि खोकला असलेल्या पेशंटचा थुंकीचा रिपोर्ट यायचा असेल तर साधा मास्क काढून एन-९५ लावा, टीबी नाही असं कळेपर्यंत.

५. टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) आणि बीपी

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्यात जास्त खोटं इथेच लिहिलं जातं. कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघडा आणि श्वासाचा रकाना बघा. १८, २०, १८, २०. न्यूमोनियाची बाई, हर्नियाचे काका, काल ऑपरेशन झालेला मुलगा, सगळे एकाच तालात श्वास घेतायत! श्वास कुणी मोजतच नाही. आणि पेशंट बिघडायला लागला की बरेचदा आधी बदलतो तो श्वासच, बीपी मागाहून पडतं.

क्रम असा ठेवा.

तापमान आधी. थर्मामीटर काखेत लावायच्या आधी काख कोरडी पुसा, मुंबईच्या घामात हे विसरलात तर आकडा कमी येतो. टोक त्वचेला टेकलेलं हवं, कपड्याला नाही. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरेनहाइटने कमी असतं, म्हणून कुठे घेतलं तेही लिहा.

थर्मामीटर काखेत असतानाच दुसऱ्या हाताची नाडी धरा. तीन बोटं, अंगठा नाही. अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर अनियमित नाडी हातून निसटते.

आता कळीची गोष्ट. नाडी मोजून झाली की हात सोडू नका. पेशंटचा हात त्याच्याच पोटावर किंवा छातीवर ठेवा, तुमची बोटं मनगटावर तशीच राहू द्या, आणि नजर घड्याळावर ठेवून त्या हाताचं वर-खाली होणं पुढचा एक मिनिट मोजा. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीय. ‘आता श्वास मोजते हं’ असं सांगितलंत की माणूस लगेच श्वास धरून बसतो नाहीतर जोरात घ्यायला लागतो. पुतळ्यावर हे शिकता येत नाही, म्हणून मुली हे शिकतच नाहीत. सेकंदकाटा हवा तो यासाठी.

बीपी शेवटी. पेशंट नुकताच संडासहून आला असेल तर पाच मिनिटं थांबा, चहा घेतला असेल तर अर्धा तास. पाय लोंबकळत नकोत, हात छातीच्या पातळीवर आधाराने ठेवलेला हवा. कफ ब्लाउजच्या बाहीवर गुंडाळू नका. जाड दंडाला छोटा कफ लावला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. ज्या हाताला सलाईन चालू आहे, डायलिसिसचा फिस्टुला (ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) आहे किंवा ज्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन झालंय, तो हात वापरायचा नाही.

एसपीओटू म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, बोटाला चिमटा लावून मोजतात. त्या बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. दुसरं बोट बघा किंवा कानाची पाळी.

मोठ्या माणसांचे साधारण आकडे: नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०, एसपीओटू ९५ किंवा वर.

थांबा आणि लगेच सांगा: श्वास २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी; एसपीओटू ९१ किंवा कमी; वरचं बीपी ९० किंवा कमी; नाडी १३० च्या वर किंवा ४० पर्यंत उतरलेली; किंवा सकाळी नीट बोलणारा माणूस आता असंबद्ध बोलतोय. यातलं एकही दिसलं तर चार्ट भरत बसू नका, पुढच्या पेशंटकडे तर जाऊच नका.

सांगताना ‘सिस्टर, त्या आजींना कसंतरी होतंय’ असं म्हणू नका. तीन आकडे कानावर पडतील तेव्हाच भरल्या वॉर्डातली सिस्टर हातातलं काम टाकून येईल: ‘सिस्टर, खिडकीजवळच्या कदम आजी. श्वास ३०, एसपीओटू ८८, पहाटे ९६ होता. मी त्यांना उठवून बसवलंय. लगेच येता का?’

६. औषधं: टीचर किंवा स्टाफ शेजारी असतानाच

विद्यार्थिनीने एकटीने औषध द्यायचं नाही, गोळीसुद्धा. या नियमाला ‘आज स्टाफ कमी आहे’ हे उत्तर नाही.

लेबल तीनदा वाचायचं: औषध जागेवरून उचलताना, भरताना किंवा काढताना, आणि रिकामी बाटली किंवा अँप्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी) ठेवायच्या आधी. रंग आणि आकार बघून अँप्यूल ओळखायची सवय लावून घेऊ नका. कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि दोन वेगळी औषधं जुळ्या बहिणींसारखी दिसतात. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत ढकलायचं नसतं, ते पातळ करून हळूच जातं. ती अँप्यूल हातात आली की एक पाऊल मागे या आणि स्टाफला आवाज द्या.

इन्सुलिनला सगळ्यात जास्त जपा. आपल्याकडे मिलिलीटरला ४० युनिटची व्हायल (छोटी बाटली) आणि १०० युनिटची व्हायल दोन्ही मिळतात, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० ची व्हायल ४० च्या सिरिंजमध्ये ‘१०’ च्या रेघेपर्यंत भरलीत तर पेशंटला १० नाही, २५ युनिट जातील. तेवढ्याने साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून मोठ्याने वाचा, आणि जेवणाचा ट्रे आलाय का तेही बघा. आधी इन्सुलिन आणि तासाभराने जेवण हा प्रकार भरल्या वॉर्डात होतो.

सलाईनचे थेंब डोळ्यांनी अंदाजे सोडू नका. एकूण मिलिलीटर गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिलि ८ तासांत द्यायचंय आणि सेट एका मिलिलीटरला २० थेंबांचा आहे, तर ५०० × २० ÷ ४८० म्हणजे मिनिटाला २१ थेंब. सेटचे थेंब त्याच्या पाकिटावर छापलेले असतात. पाकीट फेकण्याआधी वाचा, मायक्रो सेटचे ६० असतात. नंतर अर्ध्या तासाने परत जाऊन मोजा, कारण पेशंटने हात वाकवला की वेग बदलतो. आणि नातेवाईक ‘लवकर संपू दे’ म्हणून चाक फिरवतात, तेही धरा.

७. सुई आणि डबे

सुईला टोपण परत लावायचं नाही. ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकायची, ट्रेमध्ये मावशींसाठी ठेवून जायची नाही. धारदार वस्तू पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. सुई काढलेली सिरिंज, सलाईनचा सेट, कॅथेटर, ग्लोव्हज लाल पिशवीत. रक्त-पू लागलेला कापूस आणि बँडेज पिवळ्यात. काचेच्या बाटल्या आणि व्हायल निळ्यात. सगळ्यात जास्त गोंधळ ग्लोव्हजचा होतो: ते लाल.

सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, इन्चार्ज सिस्टरना सांगा आणि त्याच क्षणी कॅज्युअल्टीत जा. एचआयव्ही टाळायची औषधं शक्यतो २ तासांत सुरू करायची असतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. ओरडा बसेल म्हणून संध्याकाळपर्यंत लपवणाऱ्या मुली दर बॅचला निघतात. ओरडा बसला तर बसू द्या, औषध तर सुरू होईल.

८. लिहिणं

केलं की लगेच लिहा, करायच्या आधी कधीच नाही. औषधाच्या चार्टवर सही करून मग औषध द्यायला गेलात आणि पेशंट एक्स-रेला गेलेला असला, तर कागदावर डोस दिला गेला आणि माणसाला मिळालाच नाही. पेशंटने नकार दिला तर ‘नकार दिला’ असंच लिहा, कारणासकट. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करा. व्हाइटनर नको, खाडाखोड नको. तुमच्या नोंदीखाली स्टाफ किंवा टीचरची सही हवी.

इनटेक-आउटपुटमध्ये ठरलेली चूक म्हणजे नुसती सलाईन मोजणं. चहा, पेज, शहाळ्याचं पाणी सगळं आत धरायचं. डेंग्यूच्या पेशंटला नातेवाईक दिवसभर शहाळी पाजतात आणि चार्टवर त्याचा पत्ता नसतो. एक सोपी युक्ती: पेशंटच्या स्टीलच्या ग्लासात मेजरिंग जगने एकदा पाणी ओतून तो किती मिलिलीटरचा आहे ते बघा आणि खाटेजवळच्या कागदावर लिहून ठेवा. मग नातेवाइकांना फक्त ग्लास मोजायला सांगायचं. लघवी युरोबॅगच्या (नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीच्या) रेघांवरून वाचू नका, जगमध्ये काढून मोजा. आणि ती पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली हवी, जमिनीला टेकलेली नको.

९. ओव्हर द्यायची आणि पुस्तकं सह्या करून घ्यायची

निघायच्या अर्धा तास आधी तुमच्या पेशंटचे आकडे पुन्हा घ्या. सकाळच्या आकड्यांवर दुपारची ओव्हर देऊ नका. स्टाफला सांगताना राहिलेलं काम आधी सांगा, झालेलं नंतर: ‘कदम आजींचा दोनचा नेब्युलायझर राहिलाय, छातीचा एक्स-रे झालाय, रिपोर्ट यायचाय.’ न सांगता निघून गेलेल्या मुलीचं अर्धवट काम कुणालाच माहीत नसतं.

पेशंटलाही सांगून निघा की तुम्ही जाताय आणि आता कोण आहे. नाहीतर आजी संध्याकाळपर्यंत ‘ती मुलगी येते म्हणाली’ म्हणत लघवी धरून बसतात.

लॉगबुकवरची (केलेल्या कामांच्या नोंदवहीतली) सही त्याच दिवशी घ्या. ज्यांच्यासमोर प्रोसिजर केली त्यांचीच. महिनाअखेरीस सिस्टर नाइटला गेलेल्या असतात किंवा दुसऱ्या वॉर्डात बदललेल्या, आणि मग मुली न केलेल्या तारखा टाकत बसतात. केस स्टडीत पेशंटचं नाव, पत्ता, इंडोअर नंबर लिहायचा नाही. वय, लिंग आणि आजार पुरतो. केस पेपरचे फोटो काढून घरी नेऊन उतरवणं बंद करा. माहिती वॉर्डातच बसून डायरीत घ्या, त्यासाठी रोज शेवटची पंधरा मिनिटं टीचरकडून मागून घ्या.